सगळ्या माना कोपऱ्याकडे

हॅलो?... हो, तोमोएच बोलतेय. ताई, तू?... काय? कुवाबारासाहेबांनी तुला फोन केला? माझ्या साहेबांनी, तिकडे तोयामाला, तुझ्या घरी? लाज कशी वाटली नाही त्यांना?

हो, हो… अगं ऐक ना. बेशिस्त-बिशिस्त काही नाही. उद्या भागधारकांची सभा, आज तिची तालीम होती... तालीमच. दरवर्षी असते. आम्ही कर्मचाऱ्यांनी भागधारक व्हायचं, लिहून दिलेले प्रश्न विचारायचे, अध्यक्षांनी लिहून दिलेली उत्तरं वाचायची. मला चिडलेल्या भागधारकाचं काम दिलं... हस, हस. ऑफिसात गरीब गाय मीच ना.

मग मी एक पदरचा प्रश्न विचारला. म्हटलं, आधीचे अध्यक्ष निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सल्लागार म्हणून अजून त्यांना गाडी, खोली, सेक्रेटरी. मग कंपनी चालवतं कोण?... उद्धट कसला? साधा प्रश्न. पण कागदावर उत्तरच नव्हतं. अध्यक्षांनी बघितलं कोपऱ्यात, तिथे सल्लागार बसले होते. मग एकेक करून सगळ्या संचालकांच्या माना तिकडे. संचालकांवर लक्ष ठेवायला बाहेरून आणलेले ते दोघे, त्यांच्यासुद्धा. म्हातारा नुसता चहा पीत होता.

माफी? योकान मिठाईची पेटी घेऊन त्या सल्लागारांच्या दारात वाकू? का म्हणून?... माहितेय गं, भाऊजींच्या वर्कशॉपला आमच्याच कंपनीचं काम आहे. साहेबांनी तेवढंच विचारलं ना, मिस्टरांचं काम बरं चाललंय ना म्हणून?... बघ. याला धमकी म्हणतात, ताई.

आणखी काय म्हणाले?... मतपत्रिका पाठवली का म्हणून? बाबांनी तुझ्या नावावर ठेवलेल्या शेअरची?... मागच्या आठवड्यातच टाकलीस टपालात, कोरीच? अगं, कोरी म्हणजे संचालकांना होकार धरतात. बाबांनी तीस वर्षं तिथे पंप जोडले, आणि त्यांचं मत यांच्या खिशात?

रडू नकोस. तुझ्यावर नाही चिडले... ऐक. स्वतः सभेला आलीस तर टपालातलं मत बाद होतं... नियमच आहे. मी काय करणार तिथे? दारात पाण्याच्या बाटल्या वाटणार. माझ्या नावावर एक शेअर नाही. विचारायचा हक्क तुला आहे, मला नाही.

भाऊजींना काय सांगशील?... तिथेच आहेत? दे त्यांना... भाऊजी, ऐकलंत ना सगळं? काम जाऊ शकतं, खोटं कशाला बोलू... हो... हो...

पहाटेची गाडी? तिकिटं काढताय? दोघांची?... आणि सभेत तो प्रश्न विचारणार कोण? ताई?... ती स्वतःहून म्हणाली?

ठेवते आता, भाऊजी. उद्या दारात पहिली बाटली ताईलाच देते.