हळद लागलेले हाकीवाले

चहा घेता घेता दौंडच्या माझ्या धाकट्या बहिणीचं, सखूचं ऐका. तिचे मालक रेल्वेच्या मैदानावर हाकी खेळायचे. ते गेले, आन् मागं हाकीवाल्यांची चित्रं असलेली जुनी कार्डं डब्यात राहिली. पोरगा म्हणाला, "आई, ह्याला पैसे मिळत्यात. इकून टाकू." सखूच्या जिवावर आलं, पण पोराला न्हाई म्हणवंना.

मी तिच्याकडं गेले होते, तवाच पुण्याहून किंमत करणारा आला. एकेक कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, "मावशी, हे पिवळं काय लागलंय?"

"हळद. ह्यांची स्टिक मोडली, तवापास्नं खंडेनवमीला हीच कार्डं पूजते. दुसरं हत्यार कुठं हाय घरात?"

"मग ह्या कार्डांना कोणी विचारणार नाही."

पोरानं कपाळाला हात लावला. "आई, लांबनं नुसता नमस्कार केला असतास तर?"

तेवढ्यात त्या माणसाला डब्याच्या तळाशी हळद न लागलेलं एक कार्ड गावलं. "ह्याची मात्र चांगली किंमत येईल. उद्या येऊन घेऊन जातो."

पोरगा त्याला सोडायला बाहेर गेला. सखूनं दाराकडं बघितलं आन् हळूच मला म्हणाली, "आक्का, तेवढी हळदीची वाटी सरकव."