धुतलेलं शिंगरू

मंग जाय ना मालकाकडं — जाय, म्हण त्याले, पुंजाजी सांगत नाही. पाहू काय करते ते. नाही जात? मंग बस तथी कडब्याच्या पेंडीवर, अन् आधी त्या घोडीच्या मांगून हट. मांगं उभं राह्यचं नाही, एवढंबी शिकवत नाही वाटते तुमच्या त्या कॉलेजात! दर खेपेले हेच. नवा विद्यार्थी आला का मालक म्हणते, पुंजा, त्याले त्या शिंगराचं सांग, सगळं सांग, का केलं त्या काऊनसकट सांग. अरे, मी काय कीर्तन करतो काय? तू तिसरा. पहिल्याले सांगतलं तं तो बसल्या बसल्या झोपला. दुसऱ्यानं रडून देलं, अन् आठ दिवसांनी ट्रंक उचलून मेहकरले गेला, तथी बसस्टँडवर आमच्या मळ्यातलं वरण कसं खारट असते ते लोकाइले सांगत बसला म्हणे. तू काय करशील ते पाहतो. वही काढली? काढ. तुम्ही लोक वही काढल्याशिवाय पाणीबी पीत नाही.

हे विद्यार्थ्याचं खूळ मालकाचं. उत्तमराव माणूस वाईट नाही, पण डोक्यात एकडाव किडा शिरला का तो बाहेर निघत नाही. बाकीचे जमीनवाले कापूस लावतात, हे उडीचे घोडे लावतात. शर्यतीचे नाही बरं — उडीचे. आडव्या बल्ल्या ठेवायच्या, घोड्यानं त्याच्यावरून उडायचं, अन् पलटणीतल्या साहेबाइनं खुर्चीवर बसून वा वा म्हणायचं. बाजूनं चांगला रस्ता असून बल्ल्यावरून कोण जाते, सांग? पण मालकाले साहेबाइचा नाद. महाराष्ट्र झाला त्या साली एक साहेब इथं जेवून गेला, अन् जाता जाता सांगून गेला का विलायतेत असे मळे असतात, तथी शिकलेले पोट्टे राहाले येतात, पगार घेत नाहीत, लीद उपसतात, अन् वर्षानं सहीचा कागद घेऊन घरी जातात. झालं! मालकानं गवताच्या कोठीले लागून खोली काढली — एक खाट, एक कंदील, एक आरसा. आरसा कायले? लीद उपसणाऱ्याले आरसा! अन् पोट्टे याले लागले. बापाच्या घरी स्वतःचं ताट कधी उचललं नाही, अन् इथं येऊन घोड्याच्या तोंडावरून हात फिरवतात — ये बेटा, ये बेटा. घोडं काय तुह्या मावशीचं पोरगं हाये?

मी कसा शिकलो, ते विचार. नाही, विचारू नको, सांगतो. माहा उस्ताद रिसाल्यातून आलेला. सात वर्षं त्यानं मले एक गोष्ट तोंडानं सांगतली नाही. विचारलं का खराऱ्याची पाठ बोटावर बसे. पाह्य म्हणे, डोळे कायले देले? सात वर्षानं त्यानं मले व्यालेल्या घोडीच्या कासेले हात लावू देला — तवा मी एका पोरीचा बाप झालो होतो. असं मिळवलेलं मी कोणाले फुकट वाटू? अन् वाटून मंग? सगळ्याइले सगळं याले लागलं तं मालक मले कायले ठेवीन — माह्या मिशा पाहाले? घोडी व्याले लागली का दार लावायचं, कडी घालायची, काम झालं का उघडायचं. तीस वर्षं असंच. लोक बाहेर उभे राहत, अन् आत पुंजाजीनं काय केलं ते कोणाले कळत नसे. तेच माहं वतन. शेत नाही मले, वाडी नाही, तेवढंच.

अन् मंग आला तो नीळकंठ. नांदुऱ्याचा. बाप कारकून, आजा कारकून, पोट्टं मॅट्रिक पास, चष्मा, मान एवढीशी. तू बसला तसाच बसे, गुडघ्यावर वही. पण एक सांगतो — पोट्टं कामाले चांगलं होतं. लेकाचं पहाटे माह्या आधी उठे. चंदीचा हरभरा बरोबर भिजवे, खूर उचलून पाहे, घोड्याले बेटा म्हणत नसे. मले राग त्याचाच येई. आळशी असता तं हाकलता आला असता ना! वहीत त्यानं दोन रकाने पाडले होते — एकात ‘काय केले’, दुसऱ्यात ‘का केले’. पहिला भरे, दुसरा कोरा. मंग दिवसभर माह्या मांगं मांगं. ‘काका, नाल ठोकण्याआधी खूर ओला का करता? काका, ही घोडी वेगळी का बांधली?’ मी म्हणो, पाह्यलं ना? मंग झालं! ‘पण का, काका?’ जेवाले बसलो तरी का, काका. तानुबाई — माही घरची — भाकर वाढता वाढता हसे. म्हणे, सांगून टाका ना लेकराले. हिले काय जाते सांगाले!

माघात एकाच पहाटे, अंधारातच, दोन गोष्टी झाल्या, नीट ऐक. पाखरी नावाची घोडी होती, तिचं शिंगरू मेलेलंच पडलं. अन् गंगी व्याली अन् घंट्याभरात मेली, तिचं शिंगरू जितं. म्हणजे इकडं दूध हाये तं लेकरू नाही, तिकडं लेकरू हाये तं दूध नाही. तू म्हणशील, लाव एकीचं दुसरीखाली. लावून पाह्य! घोडी वासावर ओळखते. दुसरीचा वास आला का चावते, लाथा घालते, जीव घेते. मंग म्या काय केलं — गंगीचं शिंगरू विहिरीपाशी आणलं, कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, घासून घासून धुतलं, गंगीचा वास सगळा काढला. हे सगळ्याइनं पाह्यलं. नीळकंठानंबी पाह्यलं, लिहिलंबी. मंग आत नेलं, कडी घातली. पाखरीची वार — व्याल्यावर पडते ना, ते — बादलीत झाकून ठेवली होती. ती त्या शिंगराले नाकापासून शेपटीपर्यंत चोळली. पाखरीनं वास घेतला, हुंकारली, अन् लागली चाटाले. आपलंच समजून. हे कोणं पाह्यलं? कोणंच नाही. बाहेर आलो तं मालकानं सगळ्यासमोर फेटा बांधला मले. नीळकंठ म्हणे, ‘काका, शिंगराला का धुतलं?’ म्या म्हणलं, पाह्यलं ना?

आता लिही. मालक तुही वही पाहीन. जित्या मायचं शिंगरू कधी धुवायचं नाही. मायले चाटू द्यायचं. ज्याची माय गेली अन् ज्याले दुसरीखाली लावायचं, त्यालेच धुवायचं. लिहिलं? झालं. एवढंच होतं. — काऊन पाहतोस असा? हो, एवढंच होतं. तंबाखू मळाले लागते तेवढा वेळ नाही लागला सांगाले.

मंग फागुन. सुरमी गाभण, पहिलारू. वळू घोडा साहेबाच्या ओळखीनं दुरून आणलेला, मालक सुरमीच्या पोटाकडं पाहून दिल्लीच्या मैदानाच्या गोष्टी करे. त्या दिवशी सुलतानपूरले माह्या भाचीची सोयरीक. मी धोतर झटकून निघालो तं नीळकंठ आडवा. ‘काका, सुरमीच्या सडांवर मेणासारखं काहीतरी आलंय. आज जाऊ नका.’ म्या म्हणलं, मेण आलं? मंग वात लाव त्याले! सगळे हसले. अबे, घोडी दिवसा वीत नाही. तीस वर्षात माह्यासमोर एकबी दिवसा व्याली नाही. संध्याकाळच्या आत येतो म्हणलं, अन् गेलो. मेण खरंच होतं, अन् मेण आलं का घोडी आज-उद्या विते. म्या पाह्यलंच नव्हतं त्या दिवशी. पोट्टं सांगते म्हणून मी वाकून पाहू? तथी सुलतानपुरात तिसरी पोळी ताटात पडली तवा इकडं घोडी व्याली होती.

तिसऱ्या पहारी बसमधून उतरलो. गव्हाची सोंगणी, सगळे गडी वावरात, मालक मेहकरले. मळ्यात एकटा नीळकंठ — बाह्या वर केलेल्या, ओला चिंब, अन् हसून राह्यला! ‘काका, अकराला व्याली. सगळं केलं मी. नाळ बांधली, वार पुरली, शिंगरू धुतलं.’ धुतलं! सगळ्या तबेल्यात गुलाबाच्या साबणाचा वास. आत पाह्यलं तं शिंगरू एका कोपऱ्यात, लांब लांब पायाचं, कपाळावर चांदणी — उडीसाठीच जन्मलं होतं ते, मले कळते — अन् सुरमी दुसऱ्या कोपऱ्यात, कान मांगं पाडून. जवळ आलं का दात दाखवे. चार घंटे झालेले, चिकाचा घोट पोटात नाही. वार असती तं काम सोपं होतं. वार तं त्यानं खोल गाडली, वरून चुना घातला. मी घालतो तसाच. पाह्यलं होतं ना त्यानं!

तरीबी उपाय होता. घोडीचाच चीक काढायचा, तिच्या मानेचा घाम फडक्यानं पुसायचा, ते शिंगराच्या डोक्याले, पाठीले, ढुंगणाले चोळायचं. पण त्याले माणसं लागतात. एकानं तोंड धरायचं अन् एकानं पुढला पाय उचलून धरायचा — तीन पायावर उभी घोडी लाथ घालू शकत नाही. लिही हेबी. नीळकंठ म्हणे, ‘काका, मी पाय धरतो.’ म्या म्हणलं, बाहेर व्हय. ‘काका, एकट्यानं नका करू.’ बाहेर व्हय म्हणलं ना! अन् कडी घातली. — काऊन घातली म्हणजे? अबे, रागात होतो… नाही, राग नव्हता तो. त्यानं पाह्यलं असतं. तीस वर्षाचं माहं सगळं एका दुपारी त्याच्या वहीत गेलं असतं, दोन्ही रकान्यात. तो दार वाजवून राह्यला, ‘काका, उघडा, काका, उघडा’, अन् मी इकडं सुरमीचं तोंड मोहरकीच्या दोरानं खुंट्याले आवळलं, चोळलं शिंगराले, ढकललं कासेखाली. सुरमीनं वास घेतला. एकडाव हुंकारलीबी. जमलं म्हणलं म्या — मोठ्यानं म्हणलं, त्यालेबी ऐकू जावं म्हणून — अन् ती बिचकली, मोहरकी सैल झाली, फिरली, अन् घातली लाथ. छातीत. शिंगराच्या. बारीकच आवाज झाला, वाळकी काडी मोडल्यावाणी. दिवस मावळाच्या आत गेलं.

हे कडीचं मालकाले माहीत नाही. तुले काऊन सांगतलं म्या? पहिल्या दोघाइले नव्हतं सांगतलं. खोड ते. खोड म्हणतो ना! मालकाले एवढंच माहीत का विद्यार्थ्यानं शिंगरू धुतलं अन् घोडीनं मारलं. आला मेहकरून, पाह्यलं, म्हणे धुवाले कोणं सांगतलं? नीळकंठानं वही देली. मालकानं मोठ्यानं वाचलं, सगळे गडी उभे — ‘काय केले: नवजात शिंगरू कोमट पाण्याने व साबणाने धुतले. का केले:’ — पुढं कोरं. पान उलटलं, कोरं. आणखीन उलटलं, कोरं. मालक वही मिटून म्हणे, ‘पुंजा, उद्यापासून तू बैलाकडं जाय.’ दोन वर्षं बैल राखले म्या, घोडं राखणाऱ्यानं! पण मालकावर माहा राग नाही. सुरमी दुसऱ्या कोणाले अंगाले हात लावू देईना, तवा त्यानंच वापस बोलावलं, अन् अट घातली का दुसरा रकाना भरायचा, प्रत्येक पोट्ट्याचा. चुकला तं पुन्हा बैल. भरून राह्यलो ना? मंग!

पण तो नीळकंठ. कडीचं तो तवाच सांगू शकत होता. दार वाजवून वाजवून त्याच्या मुठी सोलल्या होत्या. मालकानं विचारलं, हाताले काय झालं? तं म्हणे, विहिरीच्या दोरानं सोललं. झाकलं माहं! म्या सांगतलं होतं काय झाकाले? अन् दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन जाता जाता गोठ्यापाशी आला. म्या समजलं, पाया पडाले आला. पाय पुढंबी केला म्या. तं तो हळूच म्हणे, आजूबाजूले कोणी नव्हतं, ‘काका, तुम्हाला घोडं फार कळतं. पण ते शिंगरू माझ्या साबणानं नाही मेलं.’ बस. वळला अन् गेला. वीस वर्षाचं पोट्टं, माह्या तोंडावर! मोठ्या माणसाले असं बोलतात? खरं असलं म्हणून बोलतात काय? पाच वर्षं झाली, कागद नाही, निरोप नाही. तानुबाई म्हणते, तुम्हीच जा एकडाव नांदुऱ्याले. मी? मी कायले जाऊ?

ऊठ. झालं सगळं. हरभरा भिजत घाल, अन् उद्या ते बूट घालून माह्यासमोर येऊ नको. मालकानं विचारलं तं सांग, पुंजाजीनं सांगतलं. अन् कोणी विचारलं का माफी कोणं मागायची राह्यली, तं नाव सांग त्याले. माहं नाही. त्याचं — नीळकंठ.