पंचाच्या कानातली लाल माती

कुणीतरी हा माइक जरा खाली करा. माझा भाऊ उंच होता, मी नाही. हं. एवढा पुरे.

मंडळी, तुम्ही सगळे एवढ्या उन्हात आलात. सेनगावकडून आलात, वसमतकडून आलात, काही जण पुसेगावहून टेम्पो करून आलात. माणिकदादाची धाकटी बहीण म्हणून मी तुमचे आभार मानते. अशा वेळी बोलणं अवघड असतं असं आधीच्या पाचही वक्त्यांनी सांगितलं आणि मग प्रत्येक जण भरपूर बोलला. मलाही अवघड जातंय. दुःखाचं मी घरी बघून घेईन. इथे बसल्या बसल्या साठलाय तो राग आहे.

मी या गावची लेक आहे, सून नाही. त्यामुळे डोक्यावर पदर घेऊन दोन ओळी वाचून बसेन, अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती आत्ताच सोडा.

तासभर मी ऐकतेय. शोकसभा माझ्या भावाची आणि चर्चा दौलत पैलवानाच्या मांड्यांची. कोण किती दूध प्यायचा, कुणाचे कान कसे मोडले होते, कोणत्या आमदाराने कोणाची जोड तोडली, कोणत्या वस्तादाने कुणाला ऐनवेळी आजारी पाडलं. सांगताना तुमचे डोळे चमकत होते. चमकू द्या. दादालाही हेच आवडायचं. पण तो पैलवान नव्हता. तो पंच होता. आणि पंचाबद्दल तुम्ही काय बोललात? फक्त एक वाक्य. तेही अध्यक्षांनी.

आबासाहेब, तुम्ही यात्रा कमिटीचे तेव्हाही अध्यक्ष होता, आजही आहात. तुम्ही आत्ता म्हणालात, "माणसाच्या हातून चूक होतेच. गावानं माणिकरावला कधीच माफ केलं."

माफ केलं? कशाबद्दल?

तरुण पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. माहीत नसेल असं म्हणणंही चूकच, कारण तुमच्या त्या कुस्तीशौकीनांच्या ग्रुपवर दादा गेला त्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, "पंच गेले, पण तो निकाल विसरणार नाही." खाली हात जोडल्याची चित्रं. म्हणजे श्रद्धांजली आणि शिवी एकाच तबकात.

तो निकाल असा. चाळीसेक वर्षं झाली. आपली यात्रा, शेवटची कुस्ती. एका बाजूला कुरुंद्याचा हरबा, आपल्या अख्ख्या भागाचा लाडका. दुसऱ्या बाजूला बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेला दौलत. पंच माणिकदादा. दौलतने घिस्सा मारला, म्हणजे खाली ओणव्या असलेल्या हरबाला पाठीमागून धरून उलथवला. हरबा गर्रकन फिरला आणि उठून उभा राहिला. लोकांना वाटलं, सुटला! टोप्या उडाल्या. आणि दादाने हात वर केला तो दौलतचा. "पाठ टेकली. कुस्ती झाली."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ढेकळं आली. शिव्या आल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पंच विकला गेला. त्यानंतर दादाला कुठल्याही यात्रेतून पंच म्हणून बोलावण्याचा नारळ आला नाही. हॉटेलात बसला की पोरं विचारायची, "पंच, सांगा बरं, कपातला चहा पडला का वरच्यावर हाय?" त्याच्या लेकराला शाळेत विचारायची, "किती घेतले रे तुह्या बापानं?" माझी वहिनी इथे समोर बसली आहे. तिने या गावात हळदीकुंकवालाही चाळीस वर्षं दाराजवळची जागा घेतली. माझ्या भावाने काय विकलं म्हणून?

आता तुम्ही म्हणाल, शालूआक्का, तू तिथे होतीस का? नव्हते. बायकांना तुम्ही कुस्तीच्या फडाजवळ येऊ देत होतात कुठे? आम्ही घरी बसून हलगी ऐकायची आणि हलगी थांबली की अंदाज करायचा. पण आबासाहेब, तुम्ही आमच्या घरी होतात. त्या दिवशी दुपारी. यात्रेचं जेवण होतं. तेव्हा मी बोर्डिंगच्या शाळेतून शिकून नुकती घरी आले होते. वाढायला मीच होते आणि तुमच्या ताटात दुसऱ्यांदा पोळी मीच घातली. आठवतंय?

तुम्ही म्हणालात, "माणिकराव, शेवटची जोड बराबरीत सोडवा."

दादा म्हणाला, "आबा, कुस्ती लागायची हाय आजून."

"लागंल की. झुंजू द्या जराशिक, मंग दोघायचे बी हात वर करा. हिकडचे बी खूश, तिकडचे बी खूश. पुढच्या साली पुन्हा हीच जोड लावू. डबल माणूस येतंय का न्हाई बघा."

"आन् कुणी पडला तर?"

तुम्ही हसलात. पाणी प्यालात. आणि म्हणालात, "पडत न्हाई कुणी. तुमी काहून तकलीफ घेऊन राहिलात?"

पडत नाही कुणी! मंडळी, हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. कुस्तीच्या आधी तुम्हाला कसं माहीत, की पडत नाही कुणी? पुढे धरणाच्या ऑफिसात अख्खी नोकरी केली, सिद्धेश्वरला. तिथे साहेब, ठेकेदार, पुढारी असे सगळे बोलताना ऐकले आणि मग कळलं. असं बोलणारा माणूस अंदाज करत नसतो. त्याने आधीच दोन ठिकाणी बोलून ठेवलेलं असतं.

आबासाहेब, मान हलवू नका. खोटं असेल तर माझं झाल्यावर माइक तुमच्याकडेच आहे. तसाही तो नेहमी तुमच्याकडेच असतो.

आता त्या संध्याकाळचं सांगते. दादा मागच्या दाराने घरात आला. ओट्यावर बसला. मी विचारलं, "दादा, काय झालं?"

"हरबा पडला."

"लोक तर म्हणून राहिले की न्हाई पडला."

तो म्हणाला, "लोक उभे व्हते. मी आडवा व्हतो."

आणि मग मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर रोज सकाळी कॉलर तपासायच्या. मुलगी काय सांगते ते नंतर, आधी तिचे कपडे. ती सवय मला अजून आहे. म्हणून मला आज या मंचावरच्या लोकांच्या कांजी केलेल्या पांढऱ्या कपड्यांवर एवढीशीही सुरकुती का नाही, याचं कुतूहल वाटतं. असो.

दादाचा पांढरा सदरा. कोपरं लाल. छाती लाल. धोतर गुडघ्यांवर लाल. इथपर्यंत कुठल्याही पंचाचं होतं, मान्य. पण त्याचा डावा गाल लाल होता. डावा कान लाल होता. कानाच्या आत माती गेली होती. आईने लुगड्याचा पदर ओला करून त्याच्या कानातली माती काढली, लहान लेकराच्या काढतात तशी, आणि तो मान वाकडी करून बसला.

आता हे मी तुम्हाला समजावून सांगायला हवं का? आपल्या शिवारात माती काळी आहे. लाल माती यात्रेआधी ट्रॅक्टरने बाहेरून येते. तिच्यात तेल घालतात, ताक घालतात, आपल्याकडची हळद घालतात. ती माती फडात असते, दुसरीकडे कुठेही नसते. आणि ती माणसाच्या कानात कधी जाते? माणूस गाल जमिनीला लावून, खांदा आणि माती यांच्यामधून उजेड दिसतो का, हे बघतो तेव्हा जाते.

ज्याने निकाल दुपारीच ठरवलाय, तो संध्याकाळी मातीत कान कशाला घालेल? बराबरीत सोडवायची असती तर उभ्या उभ्या हात वर करता आला असता. दौलतला जिंकवायचं असतं तरी उभ्या उभ्या करता आला असता. विकला गेलेला पंच परीटघडीच्या कपड्यांत घरी येतो. माझा भाऊ तसा आला नाही. तो सदरा मी धुतला. दोनदा धुतला. तेल आणि हळदीचा डाग गेला नाही. मग आईने त्याच्या पिशव्या शिवल्या.

म्हणजे त्या फडात एकच माणूस असा होता, की ज्याच्यासाठी निकाल आधी ठरलेला नव्हता. आणि तोच विकला गेला म्हणे.

मी त्याला पुष्कळदा म्हटलं, दादा, सांग लोकांना. आबा जेवायला आले होते ते सांग. तो म्हणायचा, "आपल्या ताटावर बसलेल्या माणसाचं बोलणं बाहेर न्यायचं नसतं." मी म्हणायचे, मग निकाल तरी पुन्हा समजावून सांग. तर म्हणाला, "पंचानं निकाल एकदा सांगायचा. दुसऱ्यांदा सांगितला की ती वकिली झाली."

ठीक आहे. तो पंच होता. मी नाही. मी वकिली करणार.

एक गोष्ट राहिली. ती मी संशय म्हणूनच सांगते, पुरावा म्हणून नाही. हरबाभाऊ तिकडे मागे भिंतीला टेकून बसलेत. काठी शेजारी आहे. हरबाभाऊ, तुम्ही दाराशी चपला काढल्यात तेव्हाच मी बघितलं तुम्हाला. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्या भावाला कधी शिवी दिली नाहीत. पण तो खोटा नव्हता, हेही कधी बोलला नाहीत. मी यावर फार विचार केला आहे. रिटायर्ड बाईला दुसरं काम काय?

मला वाटतं, त्या दिवशी तुम्हालाही सांगितलं गेलं होतं, बराबरीत सुटणार आहे म्हणून. दौलतलाही सांगितलं होतं. तुम्ही शब्द पाळलात, अंग सैल सोडलंत. त्याने पाळला नाही. आणि मग तुम्ही काय बोलणार? पाठ टेकली म्हणावं, तर हा हरबा एरवी असा पडतो का, असं लोक विचारणार. मग सैल का सोडलं ते सांगावं लागणार. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. पंच काय, शिव्या खाईल. पंचाला कुठे कुस्ती करायची आहे?

मी चुकत असेन. चुकत असले तर तुमची माफी मागेन, हरबाभाऊ, घरी येऊन मागेन. पण माझ्या भावाला माफ करू नका. कुणीही करू नका. त्याची ती गरज नाही.

आबासाहेबांनी जाहीर केलंय की पुढच्या यात्रेत माणिकरावांच्या नावाने गदा देणार. वहिनीने मला विचारलं, हो म्हणायचं का? बाहेर बॅनर बघितला मी. दादाचा फोटो पासपोर्टएवढा आणि आबासाहेबांचा दरवाजाएवढा. निवडणूक जवळ आली की मेलेली माणसं एकदम कर्तबगार होतात. ती गदा तुमच्याकडेच ठेवा. आम्हाला तो शब्द परत हवा. माफ हा शब्द ज्या माइकवरून आला, त्याच माइकवरून परत घ्या. बस. दुसरं काही नको.

आता शेवटी प्रथेप्रमाणे दोन मिनिटं उभं राहायचं आहे. तेवढं मीच सांगते. पण उठायच्या आधी ऐकून घ्या. नेहमी सगळे उठतात म्हणून आपण उठतो, गुडघे चोळत, घड्याळ बघत. आज तसं उठू नका. माझ्या भावाने त्या दिवशी जे पाहिलं तेच सांगितलं, असं ज्याला वाटतं, त्यानेच उठावं. बाकीच्यांनी खुशाल बसून राहावं. मी राग धरणार नाही. म्हणजे धरेन, पण तोंडावर सांगून धरेन. मंचावरच्यांनाही हेच लागू आहे, आबासाहेब.

हरबाभाऊंचे गुडघे गेले आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. ते बसून राहिले, तर त्याचा कुणी काही अर्थ काढायचा नाही. मीही काढणार नाही.

वहिनी, तू ऊठ. आपण दोघी आधी उभ्या राहू. माणिकदादा, तुला शेवटचा नमस्कार. तुझा निकाल मी दुसऱ्यांदा सांगितला, रागावू नकोस.

हं. उठा आता, ज्याला उठायचं आहे त्याने.

थांबा. मागे काय चाललंय? ... हरबाभाऊ, अहो, मी म्हटलं ना, तुम्ही बसा.

नको रे पोरांनो, हात देऊ नका त्यांना. काठीही देऊ नका. पैलवान आहे तो. उठू द्या त्याला एकट्याला. आपण थांबू.