यादी हलकी करा

वर्षा : नाही उमेश, आज मी फाईल परत नेणार नाही. चारदा नेली. आज ती या मशीनमध्ये जाईल, नाहीतर मीही इथून हलणार नाही.

उमेश : मॅडम, माझ्यावर आवाज चढवून काय होणार? तुमची यादी मी खिशात घालून बसलोय का? हे बघा, तुमच्यासमोर टाकतो. एक्सेलची फाईल निवडली. इम्पोर्ट दाबलं. आला एरर. आता बोला.

वर्षा : मी काय बोलू? वसतिगृहाची यादी आज पाचला बंद होतेय. ज्या पोरांची नावं तुमच्या संस्थेच्या प्रोग्राममध्ये नाहीत, त्यांना शनिवारी वसतिगृहात घेणार नाहीत. मग ती आईबापांच्या मागं वीटभट्टीवर. शाळा गेली ती थेट मे महिन्यापर्यंत.

उमेश : ते मला शिकवू नका. मी पण मोखाड्याचाच आहे, माझ्या घरातलेही भट्टीवर गेलेत.

वर्षा : मग लाज कशी वाटत नाही? पाच आठवडे झाले. दर वेळी एकच, फाईल जड आहे, फाईल जड आहे.

रविना : दादा, तो एरर जरा मोठ्यानं वाचा ना.

उमेश : तुम्ही कोण?

वर्षा : ही रविना. माझ्याकडंच शिकली, आमच्याच पाड्यावरची. ठाण्याला गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर काम करते. भातकापणीला घरी आलीय, मी घेऊन आले.

उमेश : म्हणजे आता माझं काम तपासायला माणूस आणलात.

रविना : तपासायला नाय. वाचा तर.

उमेश : 'प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन.' रोज हेच. फाईल जड झाली की येतं.

रविना : जड म्हंजे?

उमेश : मोठी. मशीनला झेपत नाही. मागं पोरांचे फोटो चढवायचे होते, तेव्हा पण असंच अडकायचं. फोटो लहान केले की पटापट जायचे.

रविना : यात फोटो हायेत?

उमेश : नाही. नुसती नावं.

रविना : मंग नावांचं असं किती वजन असंल? आमच्या गोडाऊनला रोज पन्नास हजार ओळींची फाईल जाते.

उमेश : तुमचं गोडाऊन ठाण्याला आहे, ताई. इथलं मी डोळ्यांनी बघितलंय. लहान शाळांच्या याद्या गेल्या. पंधरा पोरांची गेली, बावीसची गेली. मोठ्या तेवढ्या अडकल्या.

रविना : त्या लहान कवा गेल्या?

उमेश : गणपतीच्या आधी.

रविना : आन् हे नवं मशीन कवा आलं?

उमेश : गणपती झाल्यावर.

रविना : या मशीनवर एक तरी यादी गेली का? एका पोराची तरी?

उमेश : आता तसं बघितलं तर...

वर्षा : तसं आणि असं नको. हो की नाही?

उमेश : नाही गेली.

वर्षा : एकही नाही?

उमेश : नाही म्हटलं ना, मॅडम.

वर्षा : आणि मला सांगत होतात तुमची यादी मोठी, तुमची यादी मोठी. अरे, तुमच्याकडं कुणाचीच जात नव्हती. तोंडानं सांगायला काय झालं होतं? मशीन बिघडलंय म्हणाला असतात, तर मी संस्थेच्या दारात जाऊन बसले असते.

उमेश : मशीन बिघडलेलं नाही. कोरं आहे. म्हणून तर मला वाटलं फाईलमध्येच काहीतरी असणार.

रविना : सरका दादा, मना बसू द्या.

उमेश : इन्स्टॉल काही करायचं नाही. पासवर्ड वरच्या सरांकडं असतो आणि ते फोन उचलत नाहीत. माझ्या आधीच्या मुलानं काहीतरी टाकलं, त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं.

(रविना खुर्ची ओढून मशीनसमोर बसते.)

रविना : काय टाकत नाय. बघा, हा तुमचा प्रोग्राम जुना हाय, बत्तीस बिटचा. नव्या मशीनमधलं एक्सेल चौसष्ट बिटचं. त्याच्यासंगं जो ड्रायव्हर आला तो पन चौसष्टचा. ड्रायव्हर म्हंजे फाईल उघडून प्रोग्रामला वाचून दाखवनारा. पन बत्तीसवाल्या प्रोग्रामला चौसष्टवाला ड्रायव्हर दिसतच नाय. म्हनून तो सांगतोय, मना वाचून देनारा हित कोनी नाय.

उमेश : पण ड्रायव्हर तर आहे मशीनमध्ये. मी बघितलाय.

रविना : हाय, पन त्याच्या कामाचा नाय. आपल्या पाड्यावर पत्र आलं आन् वाचनारं कोनी नसलं, तर पत्र लहान का मोठं त्याचा काय संबंध?

वर्षा : म्हणजे यादी किती मोठी आहे याच्याशी काही...

रविना : काय संबंध नाय, बाई. एक नाव असतं तरी हाच एरर आला असता.

वर्षा : एक नाव असतं तरी?

रविना : हो. आता बत्तीसचा ड्रायव्हर टाकायला पासवर्ड पायजे, ते सोडा. विंडोजमध्ये जुन्या एक्सेलचा बत्तीसवाला ड्रायव्हर पयल्यापासून असतो. आपन फाईल जुन्या पद्धतीत सेव्ह करायची, एक्सेल सत्त्याण्णवची. आन् तुमच्या प्रोग्राममध्ये हित बघा, फाईलचा प्रकार. बान दाबला की दोन नावं दिसतात. नवं एक्सेल, जुनं एक्सेल. जुनं घ्यायचं.

उमेश : तो बाण आहे होय तिथं.

वर्षा : होय, आहे. पाच आठवडे रोज तुमच्या नाकासमोर आहे.

उमेश : मॅडम, मला कुणी शिकवलं? खोक्यातून मशीन काढलं, टेबलावर ठेवलं आणि गाडी निघून गेली. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहे मी. चुकलं तर विचारायचं कुणाला?

वर्षा : विचारायला कुणी नव्हतं तर निदान छातीठोक सांगायचं नव्हतं.

रविना : थांबा. ही यादी चौतीसच हाय.

वर्षा : हो.

रविना : पाड्यावर तर तुम्ही त्रेचाळीस बोलला होता.

वर्षा : रविना, आधी ही जाऊ दे. साडेचार वाजलेत.

रविना : फागीचं नाव कुठं हाय?

वर्षा : सांगते तुला. आधी...

रविना : फागी कुठं हाय, बाई? माझ्या भावाची पोर. रघ्यादादा आन् येसूवहिनी सोमवारी तिला घेऊन भट्टीवर गेले. वहिनी मना बोलली, ऑफिसनं नाव घेतलं नाय, बाईंनी लय धडपड केली. मी बोलले, बाई तशा हायेतच.

वर्षा : मी काढलं.

रविना : काय?

वर्षा : फागीचं नाव मी काढलं. नऊ जणांची काढली. हा म्हणाला यादी हलकी करा. पहिल्यांदा मी पत्ते काढले, तरी जाईना. मग बापांचे मोबाईल नंबर काढले. तरी जाईना. मग पोरं काढली. आधी पाच, मग चार. फागी त्या चारांत होती.

उमेश : मॅडम, मी पोरं काढा असं म्हटलं नव्हतं. यादी हलकी करा म्हटलं होतं.

वर्षा : पोरांच्या यादीतून पोरं सोडून दुसरं काय हलकं होतं? सांगा ना. मी काय कागदाचा रंग काढणार होते?

रविना : तुम्ही दोघं भांडू नका. त्याला अक्कल नव्हती, कळलं. तुमना तर व्हती ना? नऊ पोरं कशी वेचलीत?

वर्षा : हजेरी बघून. ज्यांची कमी होती ती.

रविना : फागीची का कमी व्हती, ठाऊक हाय ना?

वर्षा : ठाऊक आहे.

रविना : बोला मंग. काय ठाऊक हाय?

वर्षा : येसू खाचरात असली की धाकट्याला फागी सांभाळते. आवणीत, भातलावणीला, वीस दिवस आली नाही. कापणीत दहा.

रविना : एवढं सगळं ठाऊक व्हतं आन् तिच्यावरच काट मारली. जी पोर घरात राबते तीच तुमना जड झाली.

वर्षा : मला वाटलं, नऊ गेली तर चौतीस तरी राहतील. नाहीतर सगळीच गेली असती. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

रविना : घरोघर जाऊन सांगितलं असतं. असं असं हाय, नऊ नावं काढायला लावतात, चला सगळी मोखाड्याला. त्रेचाळीस घरं या दारात बसली असती तर याच दादानं धावत जाऊन कोनाला तरी विचारलं असतं. तुम्ही एकटीनं घरात बसून लाल पेन चालवला. आन् आमना सांगितलं ऑफिसनं केलं.

वर्षा : तोंड नव्हतं मला.

रविना : आज सकाळी मना बोलवायला आलात, तवा पन बोलला नाय.

वर्षा : बोलले असते तर तू आली असतीस?

रविना : आले असते. जीपमध्ये भांडत भांडत आले असते. एवढंच ओळखलंत मना?

उमेश : मॅडम, ती पहिली यादी आहे का तुमच्याकडं? त्रेचाळीसची?

वर्षा : पेनड्राईव्हमध्ये आहे. पुसली नाही. पुसायला हात गेला नाही.

रविना : द्या इकडं. पत्ते आन् नंबरसकट जाऊ दे. हे सेव्ह केलं, जुन्या पद्धतीत. हा बान, जुनं एक्सेल. दादा, इम्पोर्ट तुम्ही दाबा.

उमेश : मी?

रविना : तुमचं मशीन हाय. उद्या मी नसनार.

उमेश : दाबलं. फिरतंय. आल्या. त्रेचाळीस नोंदी जमा. मॅडम, त्रेचाळीस.

वर्षा : बघितलं. किती वेळ लागला?

उमेश : मिनिटही नाही.

वर्षा : एका मिनिटासाठी नऊ पोरं भट्टीच्या ट्रकमध्ये बसली, उमेश. मला हसू नाही येणार आता, शाबासकी मागू नका.

उमेश : शाबासकी नाही मागत. मॅडम, अजून सहा शाळा आहेत.

वर्षा : कसल्या सहा?

उमेश : मोठ्या याद्यांच्या. त्यांना पण मी हेच सांगितलंय. यादी हलकी करा म्हणून. त्यातल्या चार परत आल्यात, आधीपेक्षा लहान होऊन. मी बघितलं पण नाही, काय लहान झालं ते.

रविना : मंग बघत काय बसलात? वीस मिनिटं हायेत. फोन लावा.

उमेश : काय सांगू त्यांना?

वर्षा : सांगा, पहिली यादी पाठवा. न कापलेली, जशी केली होती तशी, व्हॉट्सअॅपवर, आत्ता. आणि काहीही कापायची गरज नव्हती, तुम्हाला माहीत नव्हतं, हेही सांगा. ते शिव्या देतील. त्या खायच्या.

उमेश : खातो. लावतो. हॅलो, गुरुजी, मी उमेश, संस्थेच्या ऑफिसातून. नाही, आता नावं काढू नका. ऐका तर खरं. चूक माझी आहे...

रविना : आन् बाई, हा घ्या माझा फोन. वहिनीला लावलाय. उद्या सकाळच्या गाडीनं मी फागीला आनायला जाते, ते मी सांगेन. पन नाव कोनी काढलं ते तुम्ही सांगायचं.

वर्षा : आत्ताच?

रविना : आत्ताच. रात्र मध्ये गेली की तुम्ही पुन्हा ऑफिसचं नाव सांगाल.

वर्षा : हॅलो, येसू? वर्षाबाई बोलतेय. हो, मोखाड्यातून. फागीचं नाव लागलंय यादीत. शनिवारी वसतिगृहात हजर पाहिजे, उद्या रविना येतेय तिला न्यायला. थांब, आभार नको मानूस. आधी ऐक. तुला मी ऑफिसनं नाव घेतलं नाही म्हणाले, ते खोटं होतं. नाव मी काढलं होतं. माझ्या हातानं. हजेरी कमी म्हणून. येसू? ऐकतेस ना? शिव्या दे मला. हॅलो? कोण, फागी? हो, बाईच. हं. हं. नाही गं. नाही. ठेव.

रविना : काय बोलली वहिनी?

वर्षा : फागीच्या हातात फोन दिला.

रविना : आन् फागी?

वर्षा : विचारत होती, सोमवारपासून तिची गैरहजेरी लावलीय का.