मुखपृष्ठावरची आजी

—नाही मॅडम, त्या आजींचं राहू द्या. त्या गेल्या. कधी म्हणजे... झाला बराच काळ. तुम्ही बसा ना, ही नको, हिचा पाय हलतो, ती घ्या. फोटो चांगला आलाय, नाही कुठं म्हणतोय मी — अंगावर ब्लँकेट, जोडलेले हात, मागं तुमच्या क्लबचा बॅनर. स्मरणिकेच्या मुखपृष्ठाला शोभेल. पण स्टेजवर बोलवून सत्कार करायचा म्हणता, तर त्याला माणूस पाहिजे ना! माणूसच नाही म्हटल्यावर काय करणार? तुम्ही आपला मंडळाचा इतिहास लिहून घ्या. त्यासाठीच नाशकातल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून इतक्या लांब आलात ना?

आज पूल आहे म्हणून गाडी दारात लागली तुमची. आम्ही मंडळ काढलं तेव्हा आमच्या बेटवाडीला चारी बाजूंनी पाणी. धरण भरलं की जग पलीकडं आणि आम्ही अलीकडं. दुखणाईत माणूस, बाळंतीण, सगळं होडीनं न्यायचं. होडी हारुनभाईची. तेव्हा बॅनर नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं, अहो, मंडळाला नावसुद्धा नव्हतं. कुणाच्या घरी अडचण आली की दारात थाळी वाजवायची, आणि थाळी ऐकली की आम्ही चार-पाच जण हातातलं काम टाकून काठावर. बहिरूच्या बायकोला तर होडीतच मुलगी झाली — हारुनभाई तोंड फिरवून वल्हवतोय, मी छत्री धरून उभा, आणि बाळंतपण कोण करतंय, तर आमची आई... तर त्या मुलीचं लग्नसुद्धा झालं आता. हे लिहा. हे खरं काम होतं.

मग मी नाशिक रोडला नोकरीला लागलो. ओळखी वाढल्या, तुमच्या क्लबची मंडळी भेटली, त्यांनी बेट दत्तक घेतलं. दत्तक! काय शब्द आहे बघा. मग माइक आला, हार आले, प्रमुख पाहुणे आले, आणि मी झालो अध्यक्ष. जाकीट शिवून घेतलं मी तेव्हा. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते — 'रंगनाथराव, रंगनाथराव' करायचे सगळे.

काय? आत? छे, आत कोणी नाही. म्हणजे — शेजारची एक म्हातारी आहे, येते-जाते, चहा ठेवते. खोकला तिचाच.

फोटो कधीचा? ब्लँकेट वाटपाचा. 'निराधार वृद्धांना मायेची ऊब' — बॅनर दिसतोय बघा मागं. यादीतल्या सुलाबाईचं नाव पुकारलं, आणि सुलाबाई नेमकी लेकीकडं विंचूरला गेलेली. खुर्ची रिकामी. प्रमुख पाहुणे, तुमच्या क्लबचे साहेब, ब्लँकेट हातात घेऊन उभे, फोटोवाला थांबलाय. आणि ही मागं माठाजवळ पाहुण्यांना पाणी देत होती. कामाचं लुगडं, खांद्यावर हे एवढं ठिगळ. किती वेळा सांगितलं होतं मी, आई, आज तरी नवं नेस, माणसं येणारेत मोठी — आई म्हणजे, आम्ही इकडं सगळ्याच म्हाताऱ्यांना आई म्हणतो, मॅडम — तर साहेब स्वतः खाली उतरले, 'या आजी' म्हणून हाताला धरून तिला खुर्चीवर बसवली. बसली ती. साहेबाचा हात कसा झिडकारणार? अंगावर ब्लँकेट घातलं आणि विचारलं, 'आजी, तुम्हाला कोण कोण आहे?'

तिनं माझ्याकडं बघितलं.

माइक माझ्याच हातात होता. सगळी वाडी समोर बसलेली, सगळ्यांना ठाऊक ती कोण ते. दोन शब्द बोलायचे होते, तेवढे बोलायला काय झालं होतं मला? लाज वाटली हो! तिची, तिच्या त्या ठिगळाची. साहेब काय म्हणतील, अध्यक्षाची ही दशा? मी जाकिटाची गुंडी बघत राहिलो. मग तीच बोलली — 'नाय बाबा. मला कोन नाय.' आणि मी, मी काय केलं माहितीय? माइकवर म्हणालो, जोरदार टाळ्या! हारुनभाई उठला, मांडवाबाहेर गेला. पुन्हा मंडळात आला नाही तो. होडीत घ्यायचा मला, उतरवून द्यायचा, पण तोंडातून शब्द नाही.

आणि घरी आल्यावर हिनं ते ब्लँकेट झटकलं, घडी केली आणि माझ्या उशाशी ठेवलं. 'तुला थंडी बाधती,' म्हणाली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. अजून त्या दिवसाचं एका अक्षरानं बोललेली नाही, आणि मी—

ये. ठेव चहा इथं. — मॅडम, असं नका बघू. एकदा फोटोकडं, एकदा हिच्याकडं... हो. तीच. कुसाबाई. घर छोटंय आमचं, पत्र्याची भिंत आहे मधी. त्या गेल्या म्हणालो ना मी मघाशी, तेही ऐकलं असणार हिनं. चहा गाळता गाळता ऐकलं असणार.

काय म्हणालीस? — ऐकलंत मॅडम? 'मी कामाला असते यांच्याकडं' म्हणते. पुन्हा! पुन्हा तेच करतीय ती, पुन्हा मलाच झाकतीय. आई, पुरे कर गं. अगं, पुरे कर आता. मॅडम, ही माझी आई. सख्खी आई आहे. लिहा तिथं, फोटोखाली लिहा, ठळक अक्षरात लिहा, मी सही करतो. बस आई. त्या खुर्चीवर नको, इकडं ये, माझ्याजवळ बस. मॅडमना सांग ना, विचारतायत त्या, तुला कोण आहे म्हणून. सांग.

आई?

...गेली आत.

चहा राहू द्या, मॅडम. तुम्ही या आता.