मारुतीच्या दारातून राम उचलला

मंडळी, ऐका! नाम घेतलं की माणूस सुटतो — बरोबर? लहानपणापासून ऐकतोय आपण. पण समजा, एखादा गृहस्थ नामामुळंच अडकला, तर? त्यानं धावा कुणाचा करायचा? हसू नका, पेटीवाले! असं झालंय!

केरबाअण्णा शिंगटे म्हणून एक म्हातारा गृहस्थ. बायको सगुणा मागच्या साली गेली. मूल ना बाळ. घरात बोलायला कोण? तर स्कूटर! एका सोमवारी अण्णा स्कूटर मारुतीच्या देवळासमोर लावून आत गेले. नमस्कार करून बाहेर आले — स्कूटर नाही! नारळवाला ओरडला, "अण्णा, धावा! तुमचा राम उचलून नेला!"

आता स्कूटरला राम का? तर नंबर होता 214. इंग्रजी आकडे बरं का! वरून एक आडवी रेघ ओढली — दोनाचा झाला र, एकाचा काना, चाराचा म. राम! सगळी गल्ली तिला रामच म्हणायची.

"कुणी नेला रे?"

"पोलिसांच्या गाडीनं! लोंबकळत गेला बिचारा!"

बघा मंडळी! मारुतीच्या दारातून राम उचलला, आणि मारुती आत गप्प! शनिवार नव्हता ना, सुट्टीवर असेल!

अण्णा धापा टाकत चौकीवर. दारात नवा पहारेकरी.

"साहेब, राम सोडा!"

"कोण राम? चोरी की मारामारी?"

"छे हो! नुसता उभा होता!"

"पिऊन?"

"सकाळी पाजलं होतं. पण थोडंच!"

"तुम्हीच पाजलं? या वयात?"

"मी नाही पाजणार तर कोण? आणि लाथ घातल्याशिवाय जागचा हलत नाही तो. जपून सोडा. कान आधीच एक तुटलाय, आता दुसराही गेला असेल."

पहारेकरी पांढरा पडला! कान तुटलेला माणूस आपल्या चौकीत? आत पळाला. "मॅडम! आपण कुणाला तरी मारलंय!"

हवालदार भोईटेबाई बाहेर आल्या. सगळं ऐकलं — पाजलं ते पेट्रोल, तुटला तो आरसा — आणि पदराऐवजी टोपी तोंडाला लावून हसल्या! मग गंभीर झाल्या. "आजोबा, दंडाचं मिटलं. पण ही पाटी चालायची नाही. कायद्याला नंबर लागतो, देव नाही. ही रेघ पुसा आणि गाडी न्या."

"रेघ पुसायची नाही."

"अहो, एवढीशी रेघ!"

"मग गाडी ठेवा तुमच्याकडं." अण्णा म्हणाले. "रेघ सगुणाची आहे."

बाईंनी स्टूल पुढं ओढलं. "बसा. त्यांनी ओढली होती?"

"पेंटरनं. पण तिच्यासाठी. ती मोठ्या बायांच्या वर्गाला जायची, अक्षर काही डोक्यात बसेना. नवी स्कूटर दारात आली, त्या दिवशी ही वाकून बघते काय, आणि ओरडते काय — अहो, हे मला वाचता येतंय! राम! मी म्हटलं, अगं, तो नंबर आहे. म्हणाली, असू दे की! वाचता आलं ना! तिला कुणी हसू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी रेघ मारून आणली."

बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, म्हणजे त्यांनी वाचलं तेव्हा रेघ नव्हतीच?"

"नव्हती."

"मग रेघ पेंटरची हो! सगुणाबाईंचा राम तर खाली तसाच आहे!"

अण्णा उठून गाडीपाशी गेले, वाकून पाटी बघितली. आणि मग हसायला लागले! असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी! खाली बसले, किल्ली घेतली, पुढच्या पाटीवरची रेघ खरवडली — खर्र खर्र! लांब होऊन बघितलं. 214.

"दिसतो का?" बाईंनी विचारलं.

"मला दिसतो."

पहारेकरी मान वाकडी करून बघत होता. "मॅडम, मलाही दिसायला लागला! आता नंबरच दिसेना!"

काय हसली सगळी चौकी! "आता मागची पण पुसा बरं," बाई म्हणाल्या. "पुसतो की," अण्णा म्हणाले, किक मारली, आणि राम सुटला!

मंडळी, आपल्याला जे मिळतं ना, ते रेघेच्या आधी मिळतं. मग आपण ते रंगवतो, चौकटीत घालतो, हार घालतो — आणि चौकटीलाच मिठी मारून बसतो! तुमची रेघ कुठली? मला नका सांगू, घरी जाऊन बघा. आणि खरवडताना हात थांबला, तर लाजू नका. किल्ली खिशात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

अण्णांची स्कूटर रोज चालते. मागच्या पाटीच्या वर सगुणा बसायची ती जागा आहे. त्या पाटीवरची रेघ अजून पुसायची राहिली आहे.