गुत्तेदाराचा कडुनिंब

तब्येतीचा विषय काढलाच हाय तर आमच्या शेजारच्या गुत्तेदाराचं, म्हंजे ठेकेदाराचं, ऐका. यंदा पाडव्याला त्याला मोबाईलवर कुणीतरी सांगितलं, चैत्र महिनाभर सकाळी उपाशीपोटी कडुनिंबाचा कोवळा पाला खा, रक्त साफ होतंय. आता त्याच्या स्वतःच्या दारात चांगला मोठा कडुनिंब होता. परभणीत एवढं ऊन, तरी नव्या गाडीवर पाला पडायलाय म्हणून या शहाण्यानंच गेल्या साली तो तोडला. मग काय, रोज सकाळी हा आमच्या झाडाखाली हजर. वरून आमालाच शिकवायचा, "कडुनिंब म्हणजे दारातला दवाखाना हाय, कदर करा."

आठव्या दिवशी पाला चघळत चघळतच माझ्या मायला म्हणला, "काकू, तुमच्या झाडाचा लय कचरा पडायलाय माझ्या गाडीवर. उद्या माणूस पाठवतो, तोडून टाकू. बला टळंल."

माय अंगण झाडत होती. तिनं हातातला खराटासुद्धा थांबवला न्हाई.

"तोडायचं कशाला, बाबा? दवाखाना तर तुझ्या गाडीच्या टपावर घरपोच यायलाय. उद्यापासून तिथंच चरत जा."